बेत दीनच्या (रब्बानी कोर्टाच्या) वकिलीकडे वळताय? आधी एदीम (साक्षीदार) नीट समजून घ्या

भारतात लॉ करून इस्राएलला आलेले आपले बरेच जण आता रब्बानी कोर्टातल्या वकिलीच्या परीक्षेला बसायचं म्हणतात, म्हणून लिहितोय. लग्न-घटस्फोट 1953 च्या कायद्याने बेत दीनकडेच आहे, दोन साक्षीदार तोरातल्या देवारीम या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातून येतात, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

माझी गाडी अडली ती वेगळ्याच जागी आणि बराच काळ अडली. आपलं डोकं जुन्या एव्हिडन्स ॲक्टवर तयार झालेलं असतं. कलम 134 (2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 139), साक्षीदार किती याला आकडा नाही, एकाचीही साक्ष पटली तर पुरे, आणि समोरच्याने कबूल केलं तर पुराव्याची गरजच संपली. हेच डोकं घेऊन किद्दुशीनकडे (ज्यू लग्न लागण्याच्या विधीकडे) गेलात की बुडालात! पैशाच्या व्यवहारात कबुली शंभर साक्षीदारांच्या तोडीची, हे गमाराही (तालमूदमधली चर्चा) म्हणते. कर्ज घेताना कोणी पाहिलं नाही तरी कर्ज असतंच, साक्षीदार फक्त भांडण झालं तर लागतो. लग्नात तसं नाही. दोन योग्य साक्षीदारांसमोर अंगठी दिली नाही तर लग्न सिद्ध होत नाही असं नाही, ते लागतच नाही. नवरा-बायको दोघं शपथेवर सांगोत की आमचं लग्न झालं, एकच साक्षीदार होता, तरी मस्सेखेत किद्दुशीन (तालमूदचा लग्नावरचा भाग) पान 65 वर सरळ आहे की त्याची दखल घ्यायची नाही. कारण त्या कबुलीने तिची बहीण त्याला निषिद्ध होते, त्याचे भाऊ तिला निषिद्ध होतात, म्हणजे दुसऱ्यांचं नुकसान होतं, आणि दुसऱ्याच्या वतीने कबुली देता येत नाही. (शुल्हान आरुख या ज्यू कायद्याच्या संहितेवरचा टीपाकार रामा तिच्या लग्न-घटस्फोटाच्या भागात, एबेन हाएझेर 42 मध्ये, कडक मत पण नोंदवतो, ते वाचा, पण आधी हे पक्कं करा.)

म्हणून कोणी लग्नाचा व्हिडिओ दाखवला, हॉल भरलेला आहे, तर भारावून जाऊ नका, एवढंच विचारा की ते दोघे कोण होते? काका, मामा, मेव्हणा, सासरा, आत्याचा किंवा मावशीचा नवरा, अगदी साडूसुद्धा चालत नाही, तालमूदच्या सानहेद्रीन भागाच्या 3ऱ्या अध्यायात यादी आहे. त्यात तालमूदच्याच मक्कोत भागातला नियम, गटात एक जरी नातेवाईक निघाला तरी सगळ्यांची साक्ष रद्द. घाबरू नका, म्हणूनच तर हुप्पाखाली (लग्नाच्या छताखाली) रब्बी दोघांना मोठ्याने नेमतात आणि बाकी गर्दी बाजूला होते. मामा रुसले तर त्यांना सात आशीर्वादांतला एक म्हणायला द्या.

व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते कृपा करून फेकून द्या. त्यात "लग्न 2, गेट 2, अगुना 1" असं साक्षीदारांच्या आकड्यांत लिहिलेलं असतं (गेट म्हणजे घटस्फोटाचा लेख, अगुना म्हणजे नवरा बेपत्ता असल्याने लग्नात अडकलेली बाई) आणि कारण कुठेच नसतं. गुरू मोठ्या नावाचा नसला तरी चालेल, पण "का" विचारल्यावर चिडणारा नको, मी असा एक सोडला आणि जोडीला हावरुता (अभ्यासातला जोडीदार) धरला तेव्हा कुठे पुढे सरकलो.

आपल्या लोकांसाठी अजून एक. 1960 च्या दशकात बेने इस्राएलच्या (भारतातल्या मराठी ज्यूंच्या) लग्नांवरून रब्बींशी जो वाद पेटला आणि 1964 ला क्नेसेटपर्यंत (इस्राएलच्या संसदेपर्यंत) गेला, त्यात एक मोठा मुद्दा हाच होता की जुन्या पिढ्यांत गेट रीतसर झाले होते का. घरच्यांचा राग मला कळतो, माझाही आहे, पण वकील म्हणून उभं राहायचं तर समोरच्याचा प्रश्न काय होता तेही यायला हवं.

आता अगुना. इथे सगळे गोंधळतात, कारण नवरा मेला हे सांगायला एकच साक्षीदार पुरतो, बाई चालते, ऐकीव माहितीही चालते. विरोधाभास वाटतो ना? नाही आहे. मरण साक्षीदारांमुळे घडत नाही, ते आधीच घडलेलं असतं आणि बहुतेकदा उघडकीला येतंच, शिवाय तिने दुसरं लग्न केल्यावर पहिला नवरा परत आला तर तिला दोन्ही घरं सोडावी लागतात, म्हणून ती स्वतःच खात्री करून घेईल असं हाखामीम (तालमूदचे पंडित) धरतात. मात्र किनारा न दिसणाऱ्या पाण्यात बुडाला एवढ्यावर परवानगी मिळत नाही, तालमूदच्या येबामोत भागाचं पान 121 वाचाच.

शुल्हान आरुखच्या आधी येबामोतचे 15 आणि 16 अध्याय करा. तिथे अशा पाच बायका आहेत ज्यांची ही साक्ष चालत नाही, कारण तिचं वाटोळं करायला त्या खोटं बोलतील अशी शंका: सासू, नणंद, सवत, जाऊ आणि सावत्र मुलगी. मराठी घरात वाढलेल्यांना ही यादी पाठ करायला लागत नाही.