आप्तांनी सेवा बजावलेल्या युद्धनौकेची प्रतिकृती

प्रतिकृती जोडण्याचा संच विकत घेण्याआधी आपले आजोबा किंवा काका त्या नौकेवर नेमके कोणत्या वर्षांत होते, हे सेवापुस्तिकेवरून पक्के करावे. कारण मोठ्या दुरुस्तीनंतर रडार, विमानवेधी तोफा आणि रंगसंगती बदललेली असू शकते, आणि संचातील नौका भलत्याच वर्षाची निघण्याचा संभव असतो. १८० मीटरची नौका १:७०० प्रमाणात सुमारे २६ सेंटिमीटर, तर १:३५० प्रमाणात दुप्पट भरते. कठडे नीट दिसायला हवे असतील, तर मोठेच प्रमाण, म्हणजे १:३५०, घ्यावे. कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवू नये, कारण जुन्या फिल्मवर लाल रंग काळपट उमटत असे. डोलकाठीच्या तारांसाठी संचाचे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात, तिच्यातील प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवत मऊ करावी, आणि बाजूला घेऊन मगच ओढून बारीक तार काढावी. ज्योतीवर ओढल्यास ती हमखास तुटते.