जुन्या गाडीचा इंडिकेटर चालेना? फ्लॅशर बदलण्याआधी या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी असो की अँबेसेडर, इंडिकेटर बंद पडला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “फ्लॅशर गेलाय, नवा टाका.” नवा फ्लॅशर, म्हणजे दिवा लुकलुकवणारा भाग, बसतो, चार दिवस टिकटिक ऐकू येते आणि इगतपुरीच्या पावसातून एकदा जाऊन आलं की पुन्हा तेच. माझं ठाम मत आहे की जुन्या गाडीत पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे बल्बपासून गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीवर घ्यावा आणि तपासणी बल्ब लागलेला असताना, म्हणजे लोडवर करावी. एवढं पाळलं तर निम्मा खर्च वाचतो आणि गाडीचं मूळ वायरिंगही शाबूत राहतं.

आधी करंटचा रस्ता लक्षात घ्या. बॅटरी, इग्निशन स्विच, फ्यूज, फ्लॅशर, स्टेअरिंगजवळची दांडी, बल्ब, आणि तिथून गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरी. पुढचा आणि मागचा मिळून २१ वॉटचे दोन बल्ब, म्हणजे एका बाजूला ४२ वॉट. १२ व्होल्टवर हा करंट साडेतीन अँपिअर होतो. जुना थर्मल फ्लॅशर याच करंटवर चालतो. आतली पट्टी तापून वाकते, संपर्क तुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. करंट कमी पडला की त्याची लय बिघडते किंवा दिवा न लुकलुकता नुसताच लागून राहतो. त्यामुळे फ्लॅशर विचित्र वागतोय एवढ्यावरून तो खराब आहे असं ठरत नाही.

दोन्ही बाजू एकदम बंद असतील तर फ्यूज, फ्लॅशरपर्यंतचा सप्लाय आणि मग फ्लॅशर, या क्रमाने बघा. फ्लॅशर काढून त्याच्या सप्लायची आणि दांडीकडे जाणारी अशा दोन वायरी तात्पुरत्या जोडा, इग्निशन चालू करा आणि दांडी एका बाजूला करा. दिवे स्थिर लागले तर फ्लॅशर बदला. नाही लागले तर नव्या फ्लॅशरवर पैसे घालू नका, दोष दुसरीकडे आहे. एकच बाजू बंद असेल तर फ्लॅशरकडे बघायचंच कारण नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून वायर तपासायची, आवाज आला की “वायर ओके” म्हणून पुढे जायचं. मीटर तपासणीसाठी अगदी नगण्य करंट सोडतो. वायरच्या पंधरा-वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बीप वाजतो. पण तीच वायर साडेतीन अँपिअर नीट वाहून नेऊ शकत नाही.

योग्य पद्धत अशी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंडिकेटर चालू करून मागचा बल्ब लागत असताना एक टोक होल्डरच्या धातूच्या अंगाला आणि दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा. डिकीपासून बोनेटपर्यंत मीटरची वायर पुरणार नाही, म्हणून एक लांब वायर जोडून घ्या. बल्ब लागल्याच्या क्षणी आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर बिघाड सापडला. बल्बला साडेबाराऐवजी साडेदहा व्होल्ट मिळाले तर त्याचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. नाशिकच्या द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत, दुपारच्या उन्हात असा दिवा मागच्याला दिसतच नाही, आणि जुन्या गाडीला धडक बसण्याचं हे एक खरं कारण आहे.

अर्थिंग का जातं? होल्डर उघडून बघा. पितळी कडेवर हिरवट कळंक, तळाशी तपकिरी गंज, आणि लॅम्पचा रबर गॅस्केट कडक होऊन एका कोपऱ्यातून उचललेला. पाणी तिथूनच आत येतं. पुढचे इंडिकेटर चाकाजवळ असल्याने त्र्यंबक रस्त्याचा पावसाळी चिखल त्यांच्या मागच्या बाजूला बसतो. पॉलिश पेपरने होल्डर आणि बल्बचा तळ चकचकीत करा, स्क्रूखालचा पत्रा उघडा करा, दातेरी वायसर टाका, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट हौशी लोकांना फार छळते. गाडी नव्याने रंगवून आणली आणि इंडिकेटर, टेललॅम्प, पेट्रोलचा काटा सगळं वेडंवाकडं वागू लागलं, अशी तक्रार अनेकदा ऐकायला मिळते. वायरिंगला कुणी हातही लावलेला नसतो. रंगाचा आणि पुट्टीचा जाड थर अर्थिंगच्या स्क्रूखाली बसलेला असतो. रंगाला गाडी देण्याआधी अर्थिंगच्या सगळ्या जागांचे फोटो काढा आणि त्या मास्किंग टेपने झाकून घ्यायला सांगा.

इंडिकेटर लावल्यावर टेललॅम्प किंवा ब्रेकचा दिवाही मंद लुकलुकतो, ही अर्थिंग गेल्याची पक्की खूण. करंटला पत्र्यातून परत जायला वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो. खात्रीसाठी होल्डरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वायर धरा. लुकलुक थांबली की निदान झालं. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टीही याच वेळी बघून घ्या. ती तुटली असेल तर स्टार्टर मारताना करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते.

फ्यूजशी खेळ तर कधीच नको. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज आजही सापडतात. शॉर्ट झालं तर अशा वेळी फ्यूज राहतो आणि वायर जळते, जुन्या गाडीत कार्पेट आणि सीटचा काथ्या शेजारीच असतो. आणखी एक बारकावा म्हणजे जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपिअर हा तो वितळण्याचा आकडा असतो, सतत चालण्याचा आकडा १७ असतो. त्याच्या जागी सतत ३५ वाहणारा फ्यूज टाकला तर संरक्षण निम्म्याने कमी झालं.

जोड देण्याच्या पद्धतीवरही बोललं पाहिजे. दोन वायरी पिळून वर टेप मारायची ही सवय आपल्याकडे फार खोलवर गेली आहे. उन्हाळ्यात टेपचा डिंक सुटतो, दाराच्या उंबऱ्याशी कार्पेटखाली पाणी साचतं आणि तांबं आतून काळं पडतं. जोड थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून किंवा डाग देऊन करा, वर हीटश्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. घरगुती एकतारी वायर गाडीत अजिबात वापरू नका, हादऱ्यांनी ती तुटते. निफाड-दिंडोरीकडे शेडमध्ये महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायरही शोधावी लागते, डॅशबोर्डच्या मागे आधी बघा.

दांडी हलवल्यावर कधी लागतो कधी नाही, असं असेल तर स्विचमधलं ग्रीस सुकलेलं असतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तेल नको. स्टेअरिंग वळवताना दिवा जात असेल तर कॉलममधली वायर आतून तुटलेली आहे.

डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीचा जुना जनरेटर) असलेल्या गाडीत सिग्नलला उभं असताना, हेडलाइट आणि वायपर चालू असताना इंडिकेटर रेंगाळतो. आयडलिंगला डायनॅमो चार्ज करत नाही, व्होल्टेज उतरतं. थोडा ॲक्सिलरेटर दिल्यावर लय सुधारली तर इंडिकेटरला हात लावू नका, बॅटरी आणि डायनॅमोचा पट्टा तपासा.

एलईडी बल्बचा मोह समजतो, पण थर्मल फ्लॅशरला त्यांचा करंट पुरत नाही, एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागतो. काही गाड्यांत डॅशबोर्डचा एकच निर्देशक दिवा डाव्या-उजव्या दोन्ही सर्किटच्या मध्ये जोडलेला असतो. तिथे एलईडी टाकले की चारही दिवे एकदम लुकलुकतात. आणि गाडी फार जुनी ब्रिटिश वंशाची असेल तर बॅटरीचा कुठला खांब बॉडीला जोडलाय ते आधी बघा, पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत साधा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर जळेल. अशा गाडीत वरच्या तपासण्याही बॅटरीचा जो खांब गाडीच्या बॉडीला जोडलाय त्यापासून करायच्या.

वायरी सोडवण्याआधी बॅटरीची बॉडीकडची केबल काढा, हातातली अंगठी आणि कडं उतरवा, प्रत्येक वायरीवर कागदी टेपची चिठ्ठी लावा. काम झाल्यावर रात्री इंजिन चालू ठेवून हेडलाइट, वायपर, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी लावा आणि कुणाला तरी मागे उभं करून दोन्ही बाजू बघायला सांगा. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर ही तपासणी आरटीओला जायच्या आदल्या रात्री नको, आठवडाभर आधी करा, म्हणजे पद्मिनीचा जुना होल्डर किंवा गॅस्केट शोधायला वेळ हाताशी राहतो.