अनुदानाच्या अर्जासाठी प्रसंगांची वही
वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना कॅनडात ‘कॅनेडियन हेरिटेज’ या केंद्रीय खात्याकडून अनुदान मिळते, पण अर्जात ‘गरज’ मांडताना लहान संस्थांची लेखणी अडते. पोलिसांकडे 2023 मध्ये देशभरात नोंदलेल्या 4,777 द्वेषमूलक गुन्ह्यांचा आकडा कोणीही देऊ शकतो, परंतु त्यातून आपल्या वस्तीचे चित्र दिसत नाही. म्हणून वर्षभर एक वही ठेवावी आणि प्रत्येक प्रसंगाची तारीख, ठिकाण, घडलेली गोष्ट आणि तक्रार झाली की नाही, हे एका ओळीत नोंदवावे. ‘बसथांबा, संध्याकाळ, शाळकरी मुलीच्या डब्यावरून शेरेबाजी, तक्रार नाही’ एवढे पुरते. त्यातले शेवटचे दोन शब्द सर्वांत मोलाचे आहेत, कारण असे प्रसंग पोलिसांच्या आकड्यांत येतच नाहीत. अर्ज भरताना या नोंदी मोजून मांडाव्यात. पीडितांची नावे मात्र वहीतही लिहू नयेत.