शहराचे फोटो विकायचेत? आधी एक ओळ लिहायला शिका

मुंबईच्या सीएसएमटी स्टेशनचा रोषणाईतला फोटो विकला जात नाही. पालिकेसमोरच्या सेल्फी पॉइंटवर उभं राहून तो प्रत्येकाने काढलेला असतो, मग तुमच्याकडून पैसे देऊन कोण घेणार? विकलं जातं ते कुणाच्या तरी ओळखीचं. मला पहिले बरे पैसे मिळाले ते गिरगावातल्या चाळीच्या जिन्याने. पुनर्विकासात चाळ पडायच्या आत परदेशातल्या मुलाला आईवडिलांचा मजला टिपून हवा होता. कठड्याचं गुळगुळीत झालेलं लाकूड, दाराबाहेरची दुधाची पिशवी, एवढंच. ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीतल्या बाल्कन्यांनाही २०१८ च्या युनेस्कोच्या जागतिक वारसा मानांकनानंतर इंटिरियरवाल्यांकडून बरी विचारणा असते.

कॅमेरा आणि लेन्सचं तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडून देतो. जिथे मी अडकलो तिथे मात्र लांबण लावणार.

फोर्टातल्या एका कॅफेवाल्याने भिंतींसाठी परिसराचे फोटो काढून मागितले. व्हॉट्सॲपवर ठरलं, पैसे वेळेवर आले, मी फाइली पाठवल्या. दिवाळीत तेच फोटो त्यांच्या मिठाईच्या डब्यांवर, शिवाय नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर. फोन केला तर शांतपणे म्हणाले, "पैसे दिलेत ना आम्ही?" मी तावातावाने वकील मित्राकडे गेलो. त्याने कायदा काढून दाखवला आणि म्हणाला, "त्यांचंच बरोबर आहे."

फोटो काढणारा तोच मालक, असं आपण धरून चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ तसं म्हणत नाही. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढलात आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. पुन्हा वाचा: वेगळं काही ठरलं नसेल तर. तुम्ही स्वतःच्या हौसेने आधीच काढलेल्या फोटोची प्रिंट त्याला विकलीत, तर त्याला मिळतो फक्त कागद, हक्क तुमच्याकडेच. फोटो तोच, गल्ली तीच, पण आधी कॅमेरा उचलला की आधी ऑर्डर आली, यावर मालकी बदलते.

म्हणून काम घेण्याआधी कोटेशनमध्ये लिहा: "कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. वापर फक्त अमुक शाखेच्या भिंतीसाठी, दोन वर्षं. इतर वापराचा दर वेगळा." आणि समोरच्याचं "मान्य" ईमेलवर घ्या. मुदत आणि जागा लिहायला विसरू नका. हक्क लेखी दिलेत आणि या दोन गोष्टी गाळल्यात, तर कायदा पाच वर्षं आणि अख्खा भारत धरतो. या ओळीमुळे गिऱ्हाईक पळेल अशी भीती वाटते ना? मलाही वाटायची. एखादं पळतं. बाकीचे "बरं" म्हणून सही करतात आणि डब्यांचा विषय निघाला की स्वतःहून दर विचारतात.

इमारतींचं म्हणाल तर घाबरू नका. वास्तूचा फोटो काढल्याने तिच्या कॉपीराइटचा भंग होत नाही. पण ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीच्या रूपाला २०१७ पासून ट्रेडमार्क आहे, त्यामुळे तिचा फोटो छापलेले कॉफीचे मग विकायला काढण्याआधी परवानगीचं बघा. स्टेशनच्या आत व्यावसायिक शूटिंग करायचं तर रेल्वेची परवानगी लागते. ट्रायपॉड उघडलात की वर्दीतला माणूस येतोच, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

"महिन्यात लाख कमवा" शिकवणाऱ्या मेंटॉरना तर मी चार हात लांब ठेवतो. त्यांची कमाई फोटोंतून होते की कोर्समधून, एवढं विचारून बघा. प्रीसेटचे, म्हणजे एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंग्जचे, गठ्ठेही घेऊ नका. त्यात दादर आणि दुबई सारखेच नारिंगी दिसतात. त्यापेक्षा एखाद्या जुन्या फ्रेमवाल्याच्या दुकानात बसा. माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, किती रुंद हवा, कुठली काच चमकते, आणि जुलैत घाईने फ्रेम केलेली प्रिंट का लाटांसारखी वर येते, हे मला तिथेच कळलं. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. आतली हवा कोरडी ठेवणारं महागडं ड्राय कॅबिनेट नंतर.

पहिलं वर्ष कोरडं जातं, खोटं कशाला सांगू. नोकरी असेल तर सोडू नका. छोट्या व्यवसायाची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. कंपनीने बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला तर तो बुडाला असं समजू नका. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतो, आणि कर लागत नसेल तर रिटर्न भरल्यावर परत येतो. दिवाळीच्या भेटींची कामं मात्र दिवाळीत मिळत नाहीत. कंपन्या ऑगस्टमध्येच ठरवून मोकळ्या होतात, तेव्हा गणपतीच्या गडबडीआधी चार नमुने छापून त्यांच्या टेबलावर पोचलेले हवेत, मागे दर लिहिलेले.