फिशटँकची मागची काच रंगवताना

मागची काच रंगवली की वायरी, पाइप आणि भिंत झाकली जातात, आणि पोस्टरमागे ओल शिरून डाग पडायची कटकटही राहत नाही. रंग कायम बाहेरच्या बाजूने लावायचा, आतून कधीही नाही. टँक रिकामा आणि कोरडा असतानाच हे काम करा.

भिंतीवर रंगाचा शेवटचा हात दिसतो, काचेवर मात्र पहिला. टँकमध्ये डोकावणाऱ्याला काचेला चिकटलेला थरच दिसणार. त्यात अडकलेला केस, धूळ किंवा बुडबुडा नंतर कितीही हात दिले तरी झाकला जात नाही. म्हणून प्रायमर लावायचा नाही (आतून तोच दिसेल) आणि निम्मा वेळ सफाईला द्यायचा.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चाललेल्या टँकच्या काचेवर क्षारांचे पांढरे ओघळ असतात. पांढऱ्या व्हिनेगरने भिजवलेलं फडकं त्यावर दहा मिनिटं ठेवा, मग ब्लेड तिरकं धरून खरवडा. काचेवर पसरलेलं सिलिकॉनही असंच काढा, कारण त्यावर रंग धरत नाही, तिथूनच पोपडे सुटतात. सांध्यांच्या सिलिकॉनला मात्र ब्लेड लागू देऊ नका. काच धुऊन, वाळवून शेवटी सर्जिकल स्पिरिटने पुसा. त्यानंतर बोट लावू नका.

रंग पाण्यात मिसळणारा, मॅट इमल्शन घ्या. दोन फूट बाय सव्वा फुटाच्या काचेला सगळे हात धरून शंभर-दीडशे मिलिलीटर पुरतो. ऑइल पेंटचा वास बरेच दिवस जात नाही आणि पुढे तो काढणंही अवघड. चार इंची फोमचा रोलर आणि मास्किंग टेप पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत सहज मिळतात. ब्रश नको, त्याच्या रेघा आतून दिसतात.

टँक पुढच्या काचेवर, खाली जाड थर्माकोल घालून, आडवा ठेवा. कडांना टेप लावा. रंगात पाणी घालू नका. पातळ रंग काचेवर थेंब धरतो. पहिला हात अगदी पातळ द्या. तो ठिगळ-ठिगळ दिसेल, दिसू द्या. ओल्या रंगावर पुन्हा रोलर फिरवला की खालचा रंग उचलून येतो, आणि बिघडतं ते इथेच. दुसरा हात दोन-तीन तासांनी, आडव्यावर उभा. एकूण तीन-चार हात लागतात. अंधारात आतून मोबाइलचा टॉर्च मारा. उजेड झिरपला तर आणखी एक हात द्या. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप सावकाश काढा.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवर हे करू नका, तापलेल्या काचेवर रंग रोलरखालीच सुकतो. पावसाळ्यात दोन हातांमधलं अंतर दुप्पट ठेवा आणि टँक आठवडाभर भिंतीला टेकवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा सगळ्यांत चांगली.

रंगांत आमची पसंती काळ्याला: निऑन टेट्रा त्यावर उठून दिसतात. पण ब्लॅक मोली हरवून जाते, तिला फिकट निळा बरा. फिकट पार्श्वभूमीवर बरेच मासे स्वतःही फिके पडतात, हे लक्षात घ्या.

रंग नकोसा झालाच तर कोमट पाण्याचं फडकं ठेवून मऊ करा. ब्लेडने पापुद्र्यासारखा निघतो.