बूड दुखतंय म्हणून लगेच सीट बदलू नका, आधी नेमकं कुठे दुखतंय ते बघा

पहिल्या तासाभरात मोटरसायकलची कुठलीच सीट वाईट वाटत नाही. खरी गंमत दीड-दोन तासांनी सुरू होते, म्हणजे आपण नकळत एकदा डाव्या कुल्ल्यावर एकदा उजव्या कुल्ल्यावर भार द्यायला लागतो, मग टाकीकडे सरकतो, मग परत मागे, आणि रस्ता, डोंगर, वारा सगळं राहतं बाजूला, डोक्यात एकच की पुढचा थांबा कधी येणार. लांबच्या राईडची हौस असणाऱ्या खूप जणांची हौस इथेच संपते आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातला बराचसा त्रास टाळता येतो, आणि त्यातलं अर्धं तर फुकटात होतं.

सगळ्यांची पहिली चूक ठरलेली असते, सीट अजून मऊ करायची. मीही तेच केलं होतं. सीट उघडून वरती चार बोटं जाड मऊ फोम टाकून घेतला, बसल्याबसल्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं, आणि पहिल्याच मोठ्या राईडला दीडशे किलोमीटरनंतर आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं. घरी येऊन सीट काढली आणि अंगठ्याने दाबून बघितली तर अंगठा सरळ खालच्या प्लास्टिकच्या तळापर्यंत गेला. म्हणजे फोम होता, पण माझं वजन पेलायला तो नव्हताच, मी इतका वेळ प्लास्टिकवरच बसलो होतो!

हे असं का होतं ते समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे. आपण बसतो तेव्हा भार येतो ओटीपोटाच्या सांगाड्याच्या खालच्या दोन गोलसर हाडांवर. ही बसायचीच हाडं आहेत, भार घ्यायला बनलेली. पण सगळा भार त्या दोन टोकांवरच एकवटला की तिथल्या मांसातला रक्तपुरवठा दबतो, आधी जळजळ, मग ठणका, मग मुंग्या. फोम खूप मऊ असला की हाडं खोल रुततात आणि फोम तिथे पार चपटा होतो, शिवाय बाजूचा फोम वर येऊन नको त्या नाजूक जागेवर दाबतो. म्हणून चांगली सीट हाताला जरा कडकच लागते. ती हाडांना वर धरून ठेवते आणि बाकीचा भार कुल्ले आणि मांड्यांवर पसरवते.

आपली हाडं नेमकी कुठे आहेत ते बघायचं असेल तर एक साधा प्रयोग करा. खोक्याचा जाड नालीदार पुठ्ठा घ्या, कडक खुर्चीवर किंवा पायरीवर ठेवा, पातळ पँट घालून त्यावर बसा, पाय जरा उचलून धरा म्हणजे भार नीट येईल, मिनिटभर थांबा आणि उठा. पुठ्ठ्यावर बोट फिरवलं की दोन खळगे लागतात. पेनाने गोल करा, मधलं अंतर मोजा. आता तोच पुठ्ठा सीटवर धरा, जिथे तुम्ही खरंच बसता तिथे, आणि बघा की ते दोन्ही खळगे सीटच्या सपाट भागावर येतात की उतारावर. पुष्कळ गाड्यांची सीट टाकीजवळ अरुंद असते म्हणजे पाय जमिनीला टेकावेत, आणि आपण पुढे घसरून नेमके त्या अरुंद भागावर बसलेले असतो, हाडं दोन्ही बाजूंना लोंबकळतायत आणि भार मधल्या मऊ भागावर. इथे दोन इंच मागे बसलं तरी खूप फरक पडतो.

आता कुठे दुखतं याकडे या. यावरूनच उपाय ठरतो, म्हणून पुढच्या राईडला लक्ष ठेवून बघा की किती किलोमीटरला आणि नेमकं कुठे सुरू झालं.

माकडहाड दुखत असेल तर सीट बऱ्याचदा निर्दोष असते, दोष बसण्याचा असतो. दमलं की आपण पोक काढतो, कंबर मागे गोल होते आणि भार बसायच्या हाडांवरून सरकून माकडहाडावर जातो, त्यात एक खड्डा आला की थेट मणक्यात दणका. कंबरेतून जरा पुढे झुका, पाठीतून नाही. पोट किंचित आत, खांदे सैल, कोपरं वाकलेली, गुडघे टाकीला हलके टेकलेले. हात ताठ ठेवून हँडलवर रेललात तर मनगटं जातात आणि रस्त्याचा प्रत्येक धक्का खांद्यात येतो. आणि इतकं करूनही पोक निघतच असेल तर हँडल तुमच्यासाठी लांब किंवा खाली आहे, ते थोडं वर आणि मागे आणणारे रायझर मिळतात, फक्त हँडल पूर्ण वळवून बघा की केबल आणि ब्रेकची होज ताणली जात नाही ना.

पुढच्या बाजूला, जांघेत, बधिरपणा येत असेल तर ते अंगावर काढू नका. बहुतेक वेळा सीटला टाकीकडे उतार असतो, प्रत्येक ब्रेकला आपण पुढे घसरतो आणि तिथल्या नसा दबतात. सीटचा पुढचा भाग थोडा वर उचलला की घसरणं थांबतं. काही गाड्यांना सीटच्या आकड्याखाली किंवा रबराखाली वॉशर, पातळ पट्टी टाकून हे जमतं, पण सीट पक्की लॉक होते की नाही ते हलवून खात्री करा, हलणारी सीट म्हणजे जिवाशी खेळ. कव्हर गुळगुळीत असेल तर जरा पकड असलेलं कव्हर लावा, त्यानेही काम होतं. गाडीवरून उतरल्यावर बराच वेळ बधिरपणा गेलाच नाही, किंवा पायात खालपर्यंत मुंग्या येत राहिल्या, तर डॉक्टरला दाखवा, लाजू नका.

मांडीच्या आतल्या किंवा खालच्या बाजूला दुखत असेल तर सीटची कड टोचतेय, ती गोल करून घ्यायची. फक्त एकाच कुल्ल्याला दुखत असेल तर आधी मागचा खिसा तपासा. खरंच सांगतो, पाकीट! पाकिटावर बसून तीन तास काढले की कंबर एका बाजूला कलते, पायात जाणारी नस दबते आणि माणूस बिचारा सीटला शिव्या घालत बसतो. पाकीट, किल्ल्या, मोबाईल, मागच्या खिशात काहीही ठेवायचं नाही.

कपड्यांचं पण तेच. जीन्स घालून लांब जाणार असाल तर ती उलटी करून तिची जांघेतली शिवण बघा, चार जाड शिवणी एका ठिकाणी येऊन गाठ झालेली असते आणि आपण नेमके त्या गाठीवर बसतो. आत सुती चड्डी असेल तर ती घाम पिते आणि ओलीच राहते, ओली कातडी घासली की सोलवटते. घाम लवकर सुकवणाऱ्या कापडाची, जांघेत शिवण नसलेली, मांडीपर्यंत लांब आणि अंगाला चिकटून बसणारी चड्डी घ्या. याच्याइतका स्वस्त आणि गुणकारी उपाय दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे. सायकलवाल्यांची पॅडवाली चड्डी काहींना मानवते, मला नाही, कारण तिचं पॅड अरुंद सायकलच्या सीटसाठी असतं आणि मोटरसायकलच्या रुंद सीटवर त्याचीच कड टोचायला लागते. घासतं तिथे निघण्याआधीच पेट्रोलियम जेली लावा, सोलवटल्यावर लावून फार उपयोग नसतो.

सस्पेन्शनकडे तर कुणी बघतच नाही. सीट कितीही चांगली असू द्या, मागचे शॉक तुमच्या वजनाला सेट नसतील तर प्रत्येक खड्डा थेट बुडात. मोजायची पद्धत अशी: गाडी सेंटर स्टँडवर घ्या, मागचं चाक हवेत, चाकाच्या एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून राईडच्या सगळ्या कपड्यांत आणि सामानासकट त्यावर बसा, दुसऱ्या कुणाला तरी तेच अंतर परत मोजायला सांगा. जेवढं कमी झालं तेवढी गाडी दबली. रस्त्यावरच्या गाडीला हे दबणं मागच्या चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक वर-खाली जेवढं हलू शकतं त्या अंतराच्या, साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं असावं. फार दबत असेल तर प्रीलोड, म्हणजे शॉकच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवा, दबतच नसेल तर कमी करा. मागे माणूस किंवा जड बॅगा असतील तर परत वाढवावं लागतं, परत एकटे निघालात की आठवणीने कमी. टायरची हवा पण बघा, गरजेपेक्षा जास्त भरलेला टायर लहानसहान खडीसुद्धा वर पोचवतो.

एवढं सगळं करून मग वरून टाकायच्या पॅडचा विचार करा. जेल भार बरा पसरवतं पण उन्हात गाडी उभी राहिली की तापतं आणि लवकर गार होत नाही, म्हणून उभी करताना झाकून ठेवा. मेंढीच्या कातडीचं कव्हर मला फार आवडतं, लोकरीतून हवा खेळते, घाम साठत नाही, उन्हात चटका नाही, फक्त पावसात भिजलं की सुकायला वेळ लागतो. आणि हवेचं पॅड, ज्यात छोटे छोटे कप्पे असतात, ते लांबच्या राईडला सगळ्यात चांगलं, पण पुष्कळ लोक ते फुटबॉलसारखं टम्म फुगवतात आणि मग म्हणतात की गाडी तरंगल्यासारखी वाटते. ते असं सेट करा: पूर्ण फुगवून सीटवर बांधा, गाडीवर नेहमीसारखे बसा, पाय फुटपेगवर, गाडी कुणीतरी धरलेली. आता वॉल्व्ह उघडून थोडी थोडी हवा सोडा, सोडत राहा, जोवर आपण खाली खाली जाऊन बसायची हाडं सीटला अगदी टेकायच्या बेतात येत नाहीत. बंद करा. हाड आणि सीट यांच्यात बोटभर हवा राहिली की पुरे. उठलात की पॅड मरगळलेलं दिसेल, तसंच हवं. घाट चढून खूप उंचावर गेलात तर बाहेरचा दाब कमी होतो आणि पॅड आपोआप कडक होतं, तिथे थांबून थोडी हवा सोडायची, खाली उतरल्यावर परत भरायची.

सीटच नव्याने बनवून घ्यायची असेल तर कारागिराला "मऊ करा" सांगू नका. खाली जास्त घनतेचा कडक फोम, वर जेमतेम बोटभर मऊ थर, बसायची जागा रुंद आणि सपाट, टाकीकडे उतार नाही, आणि बसायच्या जागेवर शिवण नको, हे सांगा आणि पुठ्ठ्यावरचे ते दोन खळगे दाखवा. कव्हर ढोलकीसारखं ताणून बसवू देऊ नका, खाली फोम कितीही चांगला असला तरी ताणलेलं कव्हर त्याला दबूच देत नाही. चिकटवायच्या आधी फोमवर अर्धा तास बसून बघायला मिळत असेल तर जरूर बसा, पाच मिनिटांत काहीच कळत नाही. नवी सीट सुरुवातीला कडक वाटेल, काही मोठ्या राईड होऊ द्या आणि मगच मत बनवा.

आणि सीट कशीही असो, एका जागी पुतळ्यासारखं बसून चालत नाही. अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन नावाची लांब पल्ल्याच्या रायडर्सची संघटना आहे, त्यांची सॅडलसोर १००० नावाची राईड म्हणजे २४ तासांत १००० मैल, १६०० किलोमीटरच्या वर. तुम्हाला तेवढं करायचं नसेल, पण दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं पुढेमागे सरका, रस्ता सरळ आणि मोकळा असेल तर गुडघे वाकवून, टाकी गुडघ्यांत धरून फुटपेगवर दहा-पंधरा सेकंद उभे राहा, रक्त परत वाहायला लागतं. दुखायला लागायच्या आधीच हे करायचं, एकदा ठणका बसला की मग पाच मिनिटं उभं राहून काही होत नाही. तासा-सव्वा तासाला उतरा, आणि उतरून परत खुर्चीवर बसू नका! चाला, खाली वाका, एक पाय मागे टाकून जांघ ताणा. पाणी घोट घोट प्या.

मागे बसणाऱ्याचं आपण विसरतोच. त्याची सीट अरुंद, पाय उंच, हातात धरायला काही नाही, पुढचा खड्डाही त्याला दिसत नाही, म्हणून मोठा खड्डा आला की आधी त्याच्या गुडघ्यावर थाप मारा, तो जरा उचलून बसेल. आणि थांबायचं कधी ते त्याच्या बुडावरून ठरवा.