कूलरचा पंप अडकला होता
परभणीत एप्रिलमध्येच कूलर गरम हवा फेकायला लागला. पंखा फिरत होता, पण वाळा कोरडा ठणठणीत. दुकानदार म्हणाला, नवा पंप टाका. मी आधी प्लग काढला (पाण्यात हात घालायचा असतो, हे विसरू नका) आणि पंप उघडला. आमचं पाणी बोअरचं, जड. आतल्या छोट्या चक्रीवर पांढरा क्षार इतका चढला होता की ती हलेचना. चक्री नि जाळी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवली, जुन्या ब्रशनं घासली. वरच्या पाइपाची निम्मी भोकं बुजली होती, ती टाचणीनं मोकळी केली. पंप लगेच सुरू झाला. आता दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करते. नुसती वरून भर घातली की क्षार वाढतच जातो. उडून जातं ते फक्त पाणी.